अजिंठ्याची गाडी ४ किलोमीटर अलीकडे थांबली, त्याचं पुढे काय झालं (एक प्रकरण अभ्यास)

मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या सहली आणि घरगुती ग्रुप घेऊन अजिंठ्याला जातोय, त्यामुळे लेण्यांतली चित्रं गर्दीपासून वाचवायला गाड्या लांब थांबवल्या, त्याचं हे प्रकरण मी कागदावरून कमी आणि रांगेत उभा राहून जास्त पाहिलंय. ठिकाणाचं नाव लपवण्यात अर्थ नाही, अजिंठा एकच आहे. पण यातली माणसं म्हणजे राखणदार, दुकानदार, गाइड, यांची नावं कुठेही दिलेली नाहीत, त्यांना उगाच त्रास नको.

पार्श्वभूमी

वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्या वळणाच्या कड्यात ३० लेणी आहेत. ९ आणि १० नंबर सगळ्यात जुनी, सातवाहनांच्या काळातली, आणि १, २, १६, १७ ही चित्रांची म्हणून जी प्रसिद्ध आहेत ती पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. छत्रपती संभाजीनगरहून साधारण १०० किलोमीटर, जळगावहून त्याच्या निम्म्याच्या थोडं वर, म्हणजे दोन्हीकडून एका दिवसात जाऊन येता येतं आणि म्हणूनच गर्दी जी होते ती सकाळी ११ ते दुपारी ३ या चार तासांतच होते. ही चार तासांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

चित्रं कशी केलीत हे थोडं सांगावं लागेल, कारण ते कळल्याशिवाय त्रास कळत नाही. आपण सरसकट भित्तिचित्र म्हणतो आणि बऱ्याच जणांना वाटतं की रंग दगडातच मुरलेला आहे, पण तसं नाहीये. खडबडीत बेसॉल्टवर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवत, झाडपाल्याचे धागे, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि निळ्यासाठी बाहेरून आलेला लाजवर्द नावाचा निळा दगड. थोडक्यात मातीच्या घराची भिंत आणि तिच्यावर रंगाचा पापुद्रा. ज्यांचं गावाकडे मातीचं घर आहे त्यांना माहितीये की अशी भिंत पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मग पोपडे येतात. गवत-तूस असल्यामुळे किड्यांना खायलाही मिळतं. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत आणि तिथे किड्यांचा त्रास कमी दिसतो असं अभ्यासकांनी मांडलंय, अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत.

आणि माणसांनी केलेलं नुकसान काही आजचं नाही. २८ एप्रिल १८१९ ला मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोचला आणि १० नंबरच्या लेण्यात खांबावर, चित्राच्या अंगावरच, स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. तेव्हा आत मातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून कोरलंय, म्हणून आज ते आपल्या डोक्याच्या वर दिसतं. मी मुलांना ते दाखवतो. मुलं पहिल्यांदा "कुठंय, कुठंय" करतात आणि दिसलं की गप्प होतात. त्यानंतर चित्रांच्या नकला करायला आलेल्यांनी रंग उठून दिसावा म्हणून वॉर्निश फासलं, मग १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटत चाललेला गिलावा पकडून ठेवला हे फार मोठं काम केलं पण वरून लाखेचा थर दिला तो पुढे पिवळा पडला आणि त्यावर धूळ-काजळी चिकटत गेली. वाईट हेतू यातल्या कुणाचाच नव्हता, उलट प्रत्येकाला ही चित्रं आवडलीच होती.

नेमका त्रास काय होता

मी स्वतः शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची लाल बस थेट लेण्यांच्या पायथ्याशी गेली होती. तिथे बस, जीपा, ट्रॅक्स, सगळ्यांची इंजिनं चालू, डिझेलचा धूर दरीत कोंडलेला, दुकानं, भजी तळण्याचा वास, आणि हे सगळं नदीच्या त्या वळणात जिथून हवा लवकर बाहेर पडत नाही.

पण धूर हा त्रासाचा डोळ्याला दिसणारा भाग झाला. खरा त्रास आतला होता. १ नंबरच्या लेण्यात गेलात की २० खांबांचा मोठा सभामंडप आहे, हवा आणि उजेड दोन्ही फक्त पुढच्या भिंतीतून येतात, मागे सगळा डोंगर. आणि पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं ते प्रसिद्ध चित्र, कुठे आहे तर एकदम मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डाव्या हाताला. म्हणजे प्रत्येक ग्रुप जिथे जास्तीत जास्त वेळ थांबतो ती जागा आणि जिथे हवा कमीत कमी खेळते ती जागा, दोन्ही एकच. माणूस नुसता उभा राहिला तरी श्वासातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, अंगाची उष्णता सोडतो, पायाने धूळ आणतो. एका माणसाचं काही नाही, पण एका तासात पाचसहा ग्रुप एकामागोमाग आले की आतली हवा जड झालेली चेहऱ्याला कळते. मग ग्रुप जातो, हवा परत कोरडी होते, मग पुढचा ग्रुप. गिलावा दिवसभर हे फुगणं-आकसणं सोसतो.

त्यात पावसाळा. सातकुंडाचा धबधबा, हिरवागार डोंगर, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी उसळते आणि तीही भिजलेल्या कपड्यांनी आत जाते, नेमकं तेव्हा जेव्हा हवेत आधीच दमटपणा भरलेला असतो. आणि दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत शाळांच्या सहली. उन्हाळा सोडला तर भिंतीला विश्रांतीच नाही.

अजून एक गोष्ट जी मला कुठे लिहिलेली दिसत नाही पण रांगेत उभं राहून लगेच कळते. लेण्यांचे नंबर वयाप्रमाणे नाहीत, वाटेप्रमाणे दिलेत. तिकीट दाखवून आत आलात की पहिलं लागतं ते १, मग २. म्हणजे सगळ्यात नाजूक दोन लेणी अगदी दारातच, माणूस ताजातवाना, उत्साह पूर्ण, मोबाइल फुल चार्ज. तो २६ नंबरला पोचतो तेव्हा दमलेला असतो, आणि २६ मध्ये तर दगडाचं काम आहे, झोपलेला भव्य बुद्ध आहे, तिथे थोडी जास्त गर्दी सोसली असती. सगळी गर्दी उलट्या क्रमाने पडते.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग म्हणजे बंदच करून टाकायचं. हे काही हवेतलं बोलणं नाही, फ्रान्समध्ये लास्को नावाच्या गुहेचं असंच झालं. १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली केली, पुढे रोज १२०० च्या आसपास माणसं जायला लागली, भिंतींवर शेवाळं धरलं, आणि १९६३ मध्ये सरळ दार लावलं. १९८३ मध्ये जवळच नक्कल उभी केली, लोक ती बघायला लागले. पण अजिंठा बंद करायचा म्हणजे फर्दापूर, लेणापूर, पिंपळदरी, अजिंठा या गावांतल्या डोलीवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या चुली विझवायच्या. शिवाय ही लेणी आपल्या लोकांच्या रोजच्या आठवणीतली आहेत, बौद्ध बांधव श्रद्धेने येतात, देशोदेशीचे भिक्खू येतात. त्यांना नक्कल बघा म्हणून सांगणं मला तरी बरोबर वाटत नाही. हा मार्ग मागे पडला ते योग्यच झालं असं माझं मत.

दुसरा, आत येणाऱ्यांची संख्या बांधायची. तिसरा, नक्कल उभारायची पण मूळ लेणी चालूच ठेवायची, म्हणजे गर्दीतला काही भाग आणि जास्त वेळ थांबणारा माणूस नकलेकडे वळेल. चौथा, गाड्या आणि दुकानं लांब न्यायची. प्रत्यक्षात हे तिन्ही थोडे थोडे केले गेले आणि माझ्या मते पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू झाली, कारण तिन्ही एकमेकांना धरून होते पण केले गेले सुटे सुटे.

काय केलं गेलं

जपानकडून सवलतीचं कर्ज घेऊन अजिंठा-वेरूळ जतन आणि पर्यटन विकास प्रकल्प झाला. पहिल्या टप्प्याचा करार १९९२ चा आणि दुसऱ्याचा २००३ चा. त्यात जतनाची कामं होती, झाडं लावणं होतं, रस्ते, पाणी, औरंगाबादचं विमानतळ असं बरंच होतं.

त्या काळातलं सगळ्यात मोठं पाऊल म्हणजे खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटवर, म्हणजे लेण्यांकडे रस्ता फुटतो त्या तिठ्यावर, थांबवल्या. तिथून लेणी ४ किलोमीटर. पुढे फक्त कमी धुराच्या बस. दुकानंही वरून हलवून टी पॉइंटला गाळे दिले. आत चित्रांच्या लेण्यांमध्ये एका वेळी ४० माणसं हा नियम, चपला-बूट बाहेर, फ्लॅश बंद, भिंतीपुढे कठडे, वटवाघळं आत शिरू नयेत म्हणून दारांना जाळ्या. आधीच्या भगभगीत दिव्यांच्या जागी फायबर ऑप्टिकचे थंड दिवे आले, ज्यांची उष्णता भिंतीपर्यंत जात नाही. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी जुन्या लाखेचा पिवळा थर आणि काजळी इंच इंच करत काढायला घेतली. १० नंबरमध्ये जिथे पूर्वी नुसतं काळपट दिसायचं तिथे आकृत्या दिसायला लागल्या.

आणि टी पॉइंटजवळ भलंमोठं पर्यटक केंद्र बांधलं, २०१३ मध्ये सुरू झालं. त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती. मी त्यात फिरलोय आणि मनापासून सांगतो, काम चांगलं होतं. मूळ लेण्यात जे चित्र अंधारात, कठड्याच्या पलीकडे, राखणदार "चला पुढे" म्हणत असताना दोन मिनिटं दिसतं, ते इथे निवांत उभं राहून बघता येत होतं. मुलांना जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, समजावून सांगायला यासारखी जागा नव्हती.

काय झालं

चांगलं आधी. पायथ्याचा धूर गेला. नुसतं एवढ्यासाठी सुद्धा तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. आता सकाळी पहिल्या बसने गेलात तर पाण्याचा आवाज ऐकू येतो, वानरांचा आवाज ऐकू येतो.

पण बसने एक नवीन गोष्ट केली जी बहुतेक कुणी धरलीच नव्हती. पूर्वी माणसं आपापल्या गाडीने येत होती, म्हणजे थेंब थेंब. आता टी पॉइंटला रांग साठते, बस भरते, आणि दोन-तीन बस पाठोपाठ वर रिकाम्या होतात. सुटीच्या दिवशी दुपारी १२ वाजता हे बघा, लोंढाच्या लोंढा एकदम तिकीट खिडकीवर आणि तिथून सरळ १ नंबरच्या दारात. आत ४० चा नियम, बाहेर दीडेकशे माणसं उन्हात, लहान मुलं रडतायत, कुणाची परतीची ट्रेन आहे, आणि दारात एकटा राखणदार. तो किती वेळ धरून ठेवणार? मी एकदा बघितलं, एक राखणदार दोन्ही हात चौकटीला लावून उभा होता आणि शांतपणे एकच वाक्य म्हणत होता, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं. पाच मिनिटांनी आतले बाहेर आले नाहीत, बाहेरचे आत शिरले. त्या दिवशी ४० चा नियम मोडला त्याला मी त्या माणसाची चूक मानत नाही. नियम दारात लावला पण दाब खाली टी पॉइंटला तयार होत होता, दोघांची सांगड घातलेलीच नव्हती.

दुकानदारांचं वेगळंच. एका ओळखीच्या दुकानदाराचं म्हणणं असं की पूर्वी माणूस लेणी बघून उतरला की दमून बसायचा, चहा प्यायचा, मग गारगोटी बघायचा, स्फटिक बघायचा, भाव करायचा. आता तो बसमधून उतरला की त्याचं लक्ष पार्किंगमधल्या गाडीकडे. मग दुकानाची पोरं काय करतात, तर तुम्ही गाडीतून उतरायच्या आतच एक छोटा खडा हातात देतात, फुकट, आणि दुकानाचा नंबर सांगतात, परत येताना नक्की या म्हणून. पर्यटक चिडतात, नेटवर वाईट लिहितात. पण ती पोरं तशी का वागतात हे पायथ्याचं दुकान ४ किलोमीटर लांब नेलं तेव्हाच ठरलं होतं. जागा दिली म्हणजे धंदा दिला असं होत नाही.

आणि पर्यटक केंद्र. काही वर्षांतच वीज-पाण्याची बिलं थकली आणि ते बंद पडलं. एवढी मोठी इमारत, एवढ्या मेहनतीच्या प्रतिकृती, आणि दाराला कुलूप. बाहेरून काच दिसायची, काचेवर धूळ. सहलीतल्या एका मुलीने विचारलं, सर हे काय आहे, मी सांगितलं, आणि तिचं पुढचं म्हणणं साधं होतं, मग आपण आत का जात नाही. मला वाईट वाटलं, आजही वाटतं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

केंद्राचंच आधी घेतो कारण तिथे मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते. बांधायला पैसे होते, चालवायला कुठून येणार हे बांधायच्या आधी ठरायला हवं होतं. प्रकल्पाचं कर्ज इमारतीला मिळतं, दहा वर्षांनंतरच्या वीजबिलाला नाही. आणि तिकीट वेगळं ठेवलं की काय होतं, माणूस १०० किलोमीटर आलाय, त्याला "खरं" बघायचंय, तो नकलेला वेगळे पैसे आणि वेगळा तास का देईल? लेण्यांच्या तिकिटातच केंद्र धरलं असतं आणि बसचं टोकन केंद्राच्या आतच मिळालं असतं तर प्रत्येक माणूस आधी तिथे अर्धा तास थांबला असता. तो अर्धा तास म्हणजेच टी पॉइंटची साठलेली रांग. तीच माणसं उन्हात उभी न राहता सावलीत चित्रं समजून घेत बसली असती आणि वर थोडी थोडी गेली असती. प्रतिकृती, बस आणि ४० चा नियम हे तिन्ही एकाच दोरीत ओवता आले असते ते असे.

दुसरी जागा म्हणजे बस. वेळापत्रक बस भरण्यावर चालतं, लेण्याच्या सोसण्यावर नाही. वेळेचा स्लॉट असलेलं तिकीट हा काही नवीन शोध नाही, साताऱ्याला कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत ऑनलाइन बुकिंग आणि रोजच्या माणसांची मर्यादा लावलीच ना, आणि तिथे आजूबाजूच्या गावांची समितीच ते सांभाळते. तिथेही सुरुवातीला लोक ओरडले, आता सगळे घरून बुकिंग करून निघतात. अजिंठ्याला हे अवघड आहे हे मान्य, परगावहून येणाऱ्याची गाडी उशिरा येणारच, घाटात ट्रक अडकणारच. तरी निदान शाळांच्या सहलींना तरी वेळ बांधून देता येईल, कारण शाळा आठवडाभर आधी ठरवतात आणि पन्नास पोरं एकदम आत जातात ती त्यांचीच.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि ही मी स्वतः करून बघितलीये म्हणून जरा लांबण लावतो. काही वर्षांपासून मी माझे ग्रुप १ पासून सुरूच करत नाही. तिकीट झालं की चित्रांची लेणी ओलांडून सरळ शेवटाकडे, २६ ला, तिथे झोपलेल्या बुद्धासमोर मुलांना बसवायचं, श्वास घेऊ द्यायचा, मग उलटं येत १९ चं चैत्य, १७, १६, १०, ९ आणि सगळ्यात शेवटी २ आणि १. पहिल्या वेळी मुलं कुरकुरली, सर सगळे तर इकडे चाललेत. पण आम्ही १ ला पोचलो तेव्हा ३ वाजून गेले होते, दुपारचा लोंढा ओसरलेला, आत आमच्याशिवाय सातआठ माणसं. मी एका वेळी पंधराच मुलं नेली, बाकीची बाहेर ओट्यावर. पद्मपाणीसमोर कुणी ढकलत नव्हतं. आणि मुलं दमलेली असल्यामुळे आपोआप गप्प होती, हे मी धरलंच नव्हतं.

यात एक अडचण आहे ती पण सांगतो. वयस्कर लोकांना आधी तेवढं चालवणं योग्य नाही, ज्यांच्या गुडघ्यात दम नाही त्यांनी १, २ बघून परत फिरावं हेच बरं, त्यांच्यासाठी डोली आहे पण प्रत्येकाला ती परवडत नाही. म्हणजे सगळ्यांना उलटं पाठवा असा सरसकट नियम चालणार नाही. पण तिकिटापाशी एक माणूस उभा करून मोठ्या ग्रुपना शेवटापासून पाठवलं तरी पुरे, त्याला ना कर्ज लागत ना इमारत. ओळखीच्या दोन गाइडनी हे आता सुरू केलंय. एकाची तक्रार अशी की उलटं गेलं की गोष्ट सांगायचा त्याचा क्रम बिघडतो, त्याला नवीन मांडणी बसवावी लागली.

चौथं, दुकानदारांना हलवताना त्यांना बसवून विचारलं असतं की तुमचा माल कधी विकला जातो, तर ते म्हणाले असते, माणूस बसतो तेव्हा. मग परतीच्या बसथांब्यापाशी सावली, बाक, पाणी, चहा आणि त्याला लागून गाळे असं करता आलं असतं. पार्किंगमधली ओढाताण बरीचशी तिथेच थांबली असती.

आत्ताची स्थिती म्हणाल तर सुटीच्या दिवशी दुपारी १ नंबरच्या दारात अजूनही तोच प्रकार असतो. मी जाताना आता एक करतो, टी पॉइंटलाच मुलांना खाली बसवून जॉन स्मिथची गोष्ट सांगतो, मातीच्या भिंतीची गोष्ट सांगतो, आणि ज्यांचे कपडे भिजलेत त्यांना टॉवेल देतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने लेण्याच्या दाराशी स्वतःहून रेनकोट काढला, बाहेर झटकला, घडी करून ओट्यावर ठेवला आणि मग बूट काढून आत गेला. राखणदार बघत होता. त्याने त्या मुलाला कठड्यापाशी नेलं आणि स्वतःच्या हातातल्या दिव्याने पद्मपाणीच्या हातातलं कमळ दाखवलं.